परत आलो ते आम्ही

परदेशातलं बिऱ्हाड मोडून जो माणूस आपल्या गावी परततो, त्याला पहिल्या महिन्यात भेटणारी माणसं दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "कायमचे आलात?" आणि त्याचं उत्तर "हो" असं दिलं, की लगेच दुसरा, "का?" या दुसऱ्या प्रश्नात चौकशीपेक्षा काळजीच अधिक असते. नोकरी गेली असेल, व्हिसाचं काही बिनसलं असेल, निदान नवराबायकोत तरी काही असेल. विचारणाऱ्याचे सगळे तर्क त्याच्या चेहऱ्यावरून आपल्याला वाचता येतात. आमच्या सोलापुरात तर आडपडदा मुळातच कमी. भाजीवाल्या मावशींनी कोथिंबिरीची जुडी माझ्या पिशवीत टाकता टाकता सरळच विचारलं, "तिकडनं हाकललं की काय हो वैनी?"

हाकललं नव्हतं. नऊ वर्षं जर्मनीत राहिलो, श्टुटगार्टजवळ नेकार नदीच्या काठी एका टुमदार गावात. यांची नोकरी चांगली होती. शेजारी चांगले होते. दोन्ही मुलं तिथंच जन्मली. २०२३ च्या जून महिन्यात आम्ही परतलो, तेव्हा थोरली सात वर्षांची होती आणि धाकटा चारचा. भाजीवाल्या मावशींना मी त्या दिवशी हसून "नाही हो" एवढंच म्हटलं. पण खरं उत्तर मलाही पुरतं ठाऊक नव्हतं. ते समजायला पुढं वर्ष जावं लागलं.

कारण सांगायला सोपं होतं. सासूबाई गेल्यापासून मामंजी साखर पेठेच्या बाजूच्या आमच्या जुन्या घरात एकटे राहत होते. चाळीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले शिक्षक. ऱ्हस्वदीर्घाची चूक दिसली, की लग्नपत्रिकासुद्धा लाल शाईनं तपासणारे. आम्ही त्यांना एकदा हट्टानं तीन महिने तिकडे नेलं होतं. तिथल्या रस्त्यांचं, रेल्वेचं, नदीकाठच्या द्राक्षमळ्यांचं त्यांनी तोंड भरून कौतुक केलं. पण दुसऱ्या महिन्यापासून ते बोलेनासे झाले. रविवारी दुकानं बंद, दुपारी गल्लीत चिटपाखरू नाही, जिन्यात मोठ्यानं बोलायचं नाही. ते खिडकीत बसायचे आणि रस्त्यावरून जाणारी माणसं मोजायचे. एके दिवशी मला म्हणाले, "अगं, इथं सगळं आहे. फक्त मला हाक मारणारं कोणी नाही." तिकिटाची तारीख आधीची करून ते सोलापूरला परतले, आणि फोनवर त्यांचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा खणखणीत झाला. म्हणजे त्यांचं तिकडे येणं मिटलं. उरलं आमचं इकडे येणं.

यांच्या कंपनीनं एक वर्षाची बिनपगारी रजा दिली. वर्षाअखेर कळवा, येता की राजीनामा देता, असं सांगितलं. दोर कापलेला नव्हता, नुसता सैल सोडलेला होता. तेवढ्या आधारावर आम्ही निघालो.

मनात एक चित्र होतं. परदेशी राहणाऱ्या प्रत्येक आईबापाच्या मनात ते असतं. मुलं आजोबांच्या मांडीवर बसून गोष्टी ऐकताहेत, चुलत भावंडांबरोबर अंगणात खेळताहेत, शेंगांची चटणी आणि कडक भाकरी चवीनं खाताहेत. या चित्राला आपण 'मुलांना आपल्या मुळांशी नेणं' असं भारदस्त नाव देतो. सोलापूरच्या स्टेशनावर उतरलो तेव्हा हे एवढे खुशीत होते, की हमालाशीसुद्धा गप्पा मारत होते. मी थोरलीचा हात धरला होता. तिनं फलाटावरची गर्दी पाहिली, आणि हळूच जर्मनमध्ये विचारलं, "आपण घरी कधी जायचं?"

त्या वेळी मला लख्ख कळलं, की परत आलो ते आम्ही दोघं. मुलं परत आलेली नव्हती. मुलं परदेशी आली होती. ज्या गावी माणूस कधी राहिलाच नाही, तिथं तो परतणार कसा? दोघांचे पासपोर्ट भारतीय होते. जन्मानंतर वर्षाच्या आत म्युनिकच्या वकिलातीत नोंद करून आम्ही ते काढले होते, कारण परदेशात जन्मलेल्या मुलाला आईबापांच्या नात्यानं भारतीय नागरिकत्व मिळायचं, तर १९५५ च्या कायद्याप्रमाणे तशी नोंद लागते. तेव्हा कायद्याच्या दृष्टीनं दोघंही अस्सल भारतीय. पण कायदा पासपोर्टाच्या पानावर असतो. घर जिभेवर आणि पायाखाली असतं.

खरं सांगायचं तर ही गोष्ट मला यांच्याआधी कळली, याचं कारण मी बाई आहे. यांचं गाव सोलापूर; माझं नाशिक. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा नळाच्या वेळेपासून आमटीच्या चवीपर्यंत सगळं परकं होतं, आणि सगळे मला सांगत होते, "आता हेच तुझं घर." आपल्याकडच्या बायकांना स्थलांतर शिकवावं लागत नाही. आपण सगळ्याजणी एकदा बिऱ्हाड मोडून, भाषेचा हेल बदलून, दुसऱ्यांच्या आठवणींच्या घरात राहायला गेलेल्या असतो. माझी मुलगी सातव्या वर्षी सासरी आली होती. फरक एवढाच, की तिला माहेरपणाला जायची सोय नव्हती.

आम्ही आलो त्याच महिन्यात सोलापुरात एक मोठी गोष्ट घडली. होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या आड येणारी साखर कारखान्याची ती उंच चिमणी पाडली. गावात दुसरा विषय नव्हता. चिमणी राहावी म्हणणारे आणि विमान यावं म्हणणारे, असे गावाचे दोन तट कित्येक वर्षं पडलेले होते. पुढं २०२५ मध्ये विमानं खरोखरच सुरू झाली. पण त्या जूनमध्ये धाकट्यानं आजोबांना विचारलं, "त्यांनी ती का पाडली?" मामंजी म्हणाले, "लोकांना लवकर येता-जाता यावं म्हणून." धाकट्यानं विचार केला आणि म्हणाला, "मग आपण पुष्कळ लोक बोलावू."

धाकट्याची चिंता करायचं कारणच पडलं नाही. चार वर्षांचं मूल म्हणजे ओली माती. आठ दिवसांत तो गल्लीत रुळला, महिन्याभरात उंबऱ्याबाहेर चप्पल विसरून यायला लागला, आणि दोन महिन्यांत त्यानं सोलापुरी बोली अशी उचलली, की एके सकाळी पेपर वाचणाऱ्या मामंजींसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "काय करलालास बे?" चाळीस वर्षं शुद्ध मराठी शिकवलेल्या माणसाला त्याच्याच घरात, त्याच्याच नातवाकडून हा प्रसाद! आम्ही श्वास रोखून उभे राहिलो. मामंजींनी चष्मा काढला, नातवाकडे पाहिलं, आणि गंभीरपणे म्हणाले, "पेपर वाचलालो बे."

घरातल्या गैरसोयींनाही मुलं आमच्यापेक्षा लवकर सरावली. तिकडे आमच्या इमारतीत एक पद्धत होती. प्रत्येक बिऱ्हाडानं आळीपाळीनं आठवडाभर जिना झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकायची. श्वाबेन भागातली ही शिस्त फार जुनी, आणि तिच्यात कसूर झाली तर शेजारच्या आजीबाई एक शब्द न बोलता नुसत्या पाटीकडे पाहायच्या. इकडे आमच्या पेठेत तशी शिस्त पाण्याच्या दिवसाची. उजनी धरणातून शंभरावर किलोमीटर प्रवास करून येणारं पाणी चार दिवसांआड यायचं, आणि तेही कधी पहाटे, कधी मध्यरात्री. नळाला सूं असा आवाज झाला, की सगळी गल्ली जागी. पिंप, घागरी, बादल्या, पातेली, अगदी पूजेचा तांब्यासुद्धा भरून घ्यायचा. थोरलीनं पहिल्याच वेळी कागदाची पाटी करून दाराला लावली. एका बाजूला निळा नळ, दुसऱ्या बाजूला फुली. शेजारपाजारच्या बायका येता-जाता तिची पाटी पाहून जायच्या. ती पाटी म्हणजे तिनं या गावाशी केलेलं पहिलं बोलणं होतं.

कारण एरवी ती बोलत नव्हती. घरात आमच्याशी जर्मनमध्ये बोले, अगदी हळू. मराठी तिला समजत होतं, आम्ही घरात तेच बोलत आलो होतो. पण ते तिच्या लेखी ऐकायचं मराठी होतं, बोलायचं नव्हतं. आम्ही तिला मराठी शाळेत घातलं. पहिल्या दिवशी ती गेली, कोपऱ्यातल्या बाकावर बसली, आणि त्या दिवसापासून शाळेत तिनं तोंड उघडलं नाही. जून गेला, जुलै गेला. पाटीवरचं उतरवून घ्यायची, गणितं अचूक सोडवायची, प्रश्न विचारला की उभी राहायची आणि जमिनीकडे पाहायची. बाई भल्या होत्या. त्यांनी मला बोलावून अगदी संकोचानं विचारलं, "हिला लहानपणापासूनच बोलायला येत नाही का?"

लहानपणी तिकडच्या बालवाडीत 'हिला जरा गप्प बसायला शिकवा' अशी चिठ्ठी आणणारी माझी मुलगी! मी घरी आले, स्वयंपाकघरात गेले, आणि कणीक मळता मळता पोटभर रडून घेतलं. मुलानं दंगा केला तर त्याला रागावता येतं. मूल गप्प झालं तर काय करायचं? डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, कान उत्तम, जीभ उत्तम; भाषा बदललेली मुलं काही महिने अशी गप्प राहतात, ती आतून जुळवाजुळव करत असतात, घाई करू नका. सल्ला शहाणपणाचा होता. पण रात्री दिवा मालवल्यावर शहाणपण उपयोगी पडत नाही.

मार्ग काढला तो शेजारच्या मुलीनं, आणि तोही न काढल्यासारखा.

आमच्या त्या भागाला गावात पूर्व भाग म्हणतात. सोलापूरची पहिली कापडगिरणी, जिला सगळे जुनी मिल म्हणत, ती निघाली एकोणिसाव्या शतकाच्या सत्तरीत. त्या गिरण्यांच्या आणि मागांच्या ओढीनं तेलंगणातून पद्मशाली विणकर कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या इथं येत राहिली. गिरण्या पुढं बंद पडल्या. पण चादरी आणि टॉवेल विणणारे यंत्रमाग राहिले. अजूनही आमच्या घरी दुपारी बसलं, की मागांची खटखट भिंतीतून ऐकू येते. ती मुलगी अशाच एका विणकराच्या घरची. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आईबरोबर बाजारात गेली की कानडीसुद्धा. एके दिवशी आमच्या ओट्यावर बसून ती सागरगोटे खेळत होती. थोरली पाहत होती. खेळता खेळता तिनं मान वर न करता विचारलं, "तुमच्या घरी कुठली भाषा बोलत्यात?"

मी दाराआड थांबले. थोरली कितीतरी वेळ गप्प होती. मग मराठीत म्हणाली, "मी जर्मन बोलते."

"आमच्याकडं तेलुगू," ती मुलगी म्हणाली, आणि सागरगोटा वर उडवला.

संपलं. आश्चर्य नाही, कौतुक नाही, 'म्हणून दाखव बघू' नाही. घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, यात त्या मुलीला विशेष काही वाटलंच नाही. तिच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचं तसंच होतं. मला तेव्हा वाटलं, की आम्ही दुसऱ्या एखाद्या गावी गेलो असतो, जिथं सगळ्यांची एकच भाषा आणि एकच तऱ्हा, तर थोरली कौतुकाची वस्तू झाली असती, नाहीतर थट्टेची. सोलापुरात मात्र आणखी एक भाषा म्हणजे पंक्तीत आणखी एक पाट. इथली मराठी कानडीला आणि तेलुगूला टेकून बसलेली, तिचा पदर उर्दूनं धरलेला. पुण्याची माणसं तिला हसतात. हसोत. माझ्या मुलीला तिनंच पदराखाली घेतलं.

तरी शाळेतलं मौन सुटायला दिवाळी यावी लागली. जर्मनीत ११ नोव्हेंबरला संत मार्टिनचा सण असतो. मुलं कागदाचे कंदील करतात, ते काठीला बांधतात, आणि अंधार पडला की गाणी म्हणत गावातून फिरतात. थोरली तीन वर्षांची असल्यापासून एकही वर्ष चुकली नव्हती. ऑक्टोबरपासूनच ती कॅलेंडरकडे पाहू लागली, आणि मी तिची नजर चुकवू लागले. पण २०२३ साली गंमत झाली. लक्ष्मीपूजन आलं १२ नोव्हेंबरला. म्हणजे तिचा कंदिलांचा दिवस ऐन दिवाळीत येऊन पडला. गल्लीतल्या घराघरांवर आकाशकंदील लागलेले होते. मामंजींनी कामट्या आणल्या, खळ शिजवली, आणि अंगणात कंदील करायला बसले. थोरलीनं आपला वेगळा केला, गोल, पिवळा, काठीला बांधायचा. ती शेजारची मुलगी म्हणाली, मलाही असला पाहिजे. मग तिच्या भावाला हवा झाला. संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या अकरा मुलांच्या हातात काठ्या होत्या आणि काठ्यांना कंदील.

अंधार पडला. थोरली पुढं, बाकी मागं. ती जर्मन गाणं म्हणत होती, मोठ्यानं, खणखणीत. मागची पोरं सूर धरून जे सुचेल ते म्हणत होती. कोणी शाळेतली कविता, कोणी सिनेमातलं गाणं. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. एका म्हाताऱ्या आजींनी मला विचारलं, "कुठल्या देवाची पालखी ही?" मी म्हटलं, "लांबच्या एका साधूची." त्यांनी हात जोडले. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, तेव्हा बाईंनी थोरलीला नेहमीप्रमाणे सहज काही विचारलं, आणि ती उभी राहून उत्तर देऊन खाली बसली. बाईंचा फोन आला तेव्हा त्यांचाच आवाज भरून आलेला होता.

इथं गोष्ट संपली असती, तर तिचा शेवट किती गोड झाला असता! पण आयुष्याला दिवाळी अंकाची पानं मोजायची नसतात. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा झाली. धाकट्यानं यांच्या खांद्यावर बसून सातही नंदीध्वज पाहिले आणि पुढं महिनाभर घरातली काठी खांद्यावर घेऊन तो मिरवत होता. आणि मग मार्च आला. कंपनीचं पत्र आलं. येता की राजीनामा?

आम्ही रात्री गच्चीवर बसून हिशेब मांडायला लागलो. इकडे यांना पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायला मिळालं होतं. पण पगाराची तुलना करू नये हे बरं. तिकडे शाळा, दवाखाने, म्हातारपणीचं निवृत्तिवेतन, स्वच्छ हवा. इकडे मामंजी. मामंजींना सुगावा लागला, तसे तेच वर आले आणि म्हणाले, "माझं नाव त्या यादीत घालू नका. मी किती वर्षांचा? माझ्यावर मांडलेला हिशेब माझ्याबरोबर संपेल, आणि तुम्हांला तो जन्मभर पुरवायचाय." एवढं बोलून ते खाली गेले. त्यांना जिना उतरताना कठड्याचा आधार घ्यावा लागत होता, ते मी पाहिलं.

आम्हांला वाटलं, मुलांकडे पाहून ठरवावं. आणि तिथंच खरी अडचण होती. वर्षभरात धाकटा जर्मन पार विसरला होता. तिकडचा मित्र पडद्यावर बोलायला लागला, की तो माझ्या मागं लपायचा. त्याचं घर आता सोलापूर होतं. आणि थोरली? तिला इथं मैत्रीण होती, ती शाळेत बोलत होती, 'ळ' म्हणायला शिकली होती. पण झोपेत ती अजून जर्मनच बोलायची. तिला विचारलं, तर म्हणाली, "मला तिकडं जायचंय." क्षणभर थांबून म्हणाली, "पण मग आबा?" म्हणजे राहिलो तर एक मूल परदेशी, गेलो तर दुसरं. दोघांचं घर एकाच गावी असेल, अशी जागाच आता पृथ्वीवर उरली नव्हती. आणि ही फारकत आम्हीच आमच्या हातांनी केली होती. वाईट हेतूनं नव्हे. तरी केली होतीच.

त्या दिवसांत मला पंडिता रमाबाईंची मनोरमा वारंवार आठवायची. रमाबाई १८८३ साली विलायतेला गेल्या, तेव्हा ती जेमतेम दोन वर्षांची होती. तिचं बाळपण परदेशात गेलं. त्यातला काही काळ आईपासून दूर, इंग्लंडातल्या सिस्टरांच्या सहवासात. मुलगी परक्या वळणाची होईल आणि आपल्याच लोकांत तिला संकोच वाटेल, ही काळजी रमाबाईंच्या पत्रांत दिसते. १८८९ साली रमाबाई मायदेशी आल्या आणि मार्च महिन्यात त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा मनोरमा आठ वर्षांचीही नव्हती. रमाबाई परतल्या, असं चरित्रात लिहिलेलं असतं. मनोरमेचं काय झालं, तिला काय वाटलं, कोणत्या भाषेत स्वप्नं पडली, ते कोणी लिहीत नाही. पण तिचं काम मात्र दिसतं. मोठेपणी ती केडगावला आईचा उजवा हात झाली, आणि गुलबर्ग्याला तिनं शाळा काढली. पुण्याहून येणारी आमची रेल्वे केडगावावरून येते, आणि सोलापूर ओलांडून पुढं गुलबर्ग्याला जाते. परदेशात वाढलेल्या एका मुलीचं उभं आयुष्य याच रुळांच्या काठी गेलं. १९२१ साली, आईच्या आधी एक वर्ष, ती वारली.

आणि दुसरं नाव आमच्या गावातलंच. डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, आणि १९४२ च्या डिसेंबरात तिथंच वारले. त्यांचं अवघं बत्तिसावं वर्ष होतं. शांतारामबापूंनी त्यांच्यावर १९४६ साली चित्रपट काढला, म्हणून त्यांचं नाव घरोघर झालं. गावातल्या त्यांच्या जुन्या घरात आता स्मारक आहे. तिथं मी मुलांना नेलं होतं. त्यांच्या चिनी पत्नी पुढं अनेकदा भारतात येऊन गेल्या. पण मला चटका लावून गेलं ते त्यांच्या मुलाचं नाव, यिन्हुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. वडील गेले तेव्हा तो काही महिन्यांचा होता. तोही १९६७ साली, वैद्यकीचं शिक्षण घेता घेता, ऐन पंचविशीत गेला. आईबापांनी दोन देश एका नावात बांधून दिले. थोरली तिथून निघताना म्हणाली, "त्याला बरं होतं. नावातच दोन्ही होतं."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात यांनी राजीनामा पाठवला. कोणत्या कारणानं पाठवला, ते मी आजही ठामपणे सांगू शकणार नाही. मामंजी नको म्हणाले म्हणूनच कदाचित. माणूस 'माझ्यासाठी थांबा' म्हणतो, तेव्हा त्याला सोडून जाता येतं. 'जा' म्हणतो, तेव्हा येत नाही. धाकट्याला दुसऱ्यांदा उपटायचा धीर झाला नाही, हेही खरं. पण ज्या कारणानं का असेना, या निर्णयाची किंमत थोरलीनं दिली, हे मी स्वतःपासून लपवत नाही.

तिला सांगितलं तेव्हा ती रडली. माझ्या ओठांवर सगळे ठरलेले शब्द आले. होईल सवय. थोड्या दिवसांनी आठवणारही नाही. हेच आता आपलं घर. लग्नानंतर मला जे जे सांगितलं गेलं होतं, ते ते सगळं. आणि ते ऐकताना मला किती एकटं वाटलं होतं, ते आठवून मी ते शब्द गिळले. तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "तुझं घर होतं ते. गेलं. रड." ती बराच वेळ रडली. मग उठून, नाक पुसून, तिनं विचारलं, "माझं जर्मन पण जाणार का? धाकट्यासारखं?"

हा प्रश्न दाराशी उभ्या असलेल्या मामंजींनी ऐकला. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी एप्रिलच्या रणरणत्या दुपारी ते नव्या पेठेत जाऊन दोनशे पानी वही घेऊन आले. वहीवर आपल्या मोत्यासारख्या अक्षरात नाव घातलं, पेन्सिलीला टोक केलं, आणि थोरलीपुढं येऊन बसले. "मला शिकव," म्हणाले. "तुझ्याशी बोलायला कोणीतरी हवं ना!"

पुष्कळजण मला विचारतात, मुलं लहान आहेत, परत यावं की येऊ नये? मी सल्ला देत नाही. फक्त एवढं सांगते, की येताना मुलांची तिकडची भाषा, तिकडचे सण, तिकडची माणसं ही सामानातून काढून टाकू नका. आपण परत येतो तेव्हा आपलं जुनं आपल्याला मिळतं. त्यांचं जुनं मात्र त्याच दिवशी सुटतं. सोलापूरची चादर लोक उलटीसुलटी दोन्ही अंगांनी वापरतात. वीण तीच असते, रंग तेवढे अदलाबदल होतात. मुलांना दोन अंगं असली म्हणून ती फाटत नाहीत.

या गोष्टीला आता दीड वर्ष होऊन गेलं. ही आमची सोलापुरातली तिसरी दिवाळी. थोरली नववर्षांची चांगली जाणती झाली आहे, आणि मास्तरीण म्हणून फार कडक आहे. रोज दुपारी तीन ते साडेतीन तास असतो. त्या वेळात बाहेर माग खटखटत असतात, आणि आतल्या खोलीतून एक्क्याऐंशी वर्षांच्या मामंजींचा आवाज येत असतो. जर्मनमध्ये एक स्वर आहे, तो आपल्या 'ई'त बसत नाही आणि 'ऊ'तही बसत नाही. मामंजींचा तिथंच घोळ होतो.

"आबा, ओठ 'ऊ'चे करा," थोरली सांगते, "आणि आतून 'ई' म्हणा."

मामंजी ओठांचा चंबू करतात. धाकटा खिडकीत बसून खिदळतो. "परत," थोरली म्हणते, आणि वहीत लाल शाईची फुली मारते.